सूर्य मावळायच्या आत

गॅस संपला तेव्हा दूध नुकतंच वर यायला लागलं होतं. निळी ज्योत एकदा मोठी झाली, एकदा बारीक झाली आणि कुणीतरी फुंकर मारावी तशी नाहीशी झाली. ओट्याखाली बसून चमचा चोखणाऱ्या हन्नाने मान वर केली आणि जाहीर केलं, "गेला."

हन्नाला अजून दीड वर्ष पुरं व्हायचं होतं आणि हा एकच शब्द तिला पक्का येत होता. चेंडू पलंगाखाली गेला की 'गेला', कावळा उडाला की 'गेला', बाप कंपनीत निघाला की 'गेला'. जगात फक्त जाणंच असतं, येणं नसतं, असं तिचं तूर्तास मत होतं.

तिची आई रूथ मात्र घाबरली नाही. पलंगाखाली भरलेला दुसरा सिलिंडर होता. ती वाकली. पलंगाखाली जुनी सुटकेस होती, कांदे होते, हन्नाचा चेंडू होता आणि फरशीवर सिलिंडर ठेवल्याचा गोल डाग होता. सिलिंडर नव्हता.

"अहो!"

शमुवेल मोरीशी आरसा टेकवून दाढी करत होता. आज त्याची साप्ताहिक सुट्टी होती, त्यामुळे दाढीसुद्धा सावकाश चालली होती.

"पलंगाखालचा सिलिंडर कुठाय?"

"अगं हो, सांगायचं राहिलंच. तो सगुणाताईंना दिला काल. तू नाताळच्या गाण्यांच्या सरावाला गेली होतीस ना, तेव्हा. त्यांच्या पोरीचा, भूमिकाचा, साखरपुडा हाय आज. घरभर पाहुणे, आणि त्यांचा गॅस संपायला आलेला."

"आणि आपला?"

"आपला हाय की लावलेला."

"तो आत्ता मेला."

शमुवेलने आरशातूनच शेगडीकडे पाहिलं. "पण मागितला गं त्यांनी. मागितल्यावर नाय कसं म्हणायचं? आपण ख्रिस्ती माणसं."

"दोन अंगरखे असले तर एक द्यावा, एवढंच सांगितलंय शास्त्रात. सिलिंडर नाय सांगितला!"

"तेव्हा सिलिंडर नव्हते म्हणून नाय सांगितला."

इथे कुणीही शहाणी बाई हसली असती आणि भांडण संपलं असतं. पण रूथची रात्र हन्नाच्या दाढेपायी जागून गेली होती. तिला एकदम सगळं आठवलं. लग्नात आलेली नवी घोंगडी, जी आता स्टँडवरच्या हमालाकडे होती. मच्छरदाणी, जी बाळंतिणीला हवी म्हणून गेली, तेव्हा रूथ स्वतः बाळंतीण होती. दोन्ही छत्र्या.

"तुमचं काय सांगावं," ती म्हणाली, "उद्या कुणी दारात येऊन मला मागितली तर मलाही द्याल. वर पिशवी भरून द्याल."

शमुवेल वळला. एक गाल गुळगुळीत, एका गालावर साबण. "तुला मागायला येणार कोण?"

त्याला गंमत करायची होती. वाक्य अर्ध्यावर असतानाच ती गंमत राहिली नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. पण वाक्य तोवर बाहेर पडलं होतं. रूथने हन्नाला उचललं आणि भिंतीकडे तोंड केलं. शमुवेलने टॉवेलने साबण पुसला, आईसाठी आणलेल्या औषधांची पिशवी घेतली आणि चहा न घेता, अर्ध्या दाढीने, पेणला निघून गेला.

"गेला," हन्ना म्हणाली.

आता, नवराबायकोचं भांडण कुठल्या घरात होत नाही? पण या घरात त्याला एक मुदत होती. रूथ-शमुवेलच्या लग्नात पाळक बाबाजी साळवे यांनी उपदेश केला होता, की राग येईल, यावा, पण सूर्य मावळायच्या आत तो सोडून द्यावा. आणि पुढच्या बाकावर बसलेल्या शमुवेलच्या आईवडिलांकडे हात करून ते म्हणाले होते, "हे जोडपं पाहा! सबंध संसारात यांनी एकाही रागावर सूर्य मावळू दिलेला नाही." सगळी मंडळी माना वळवून पाहत होती. सासरे नम्रपणे हसले होते. सासूबाई शांतीबाई खाली बघत होत्या.

तेव्हापासून रूथ-शमुवेलनेही नियम मोडला नव्हता. त्याची एक रीतही पडली होती. ज्याची चूक त्याने चहा करायचा, आणि एकाच कपातला अर्धा दुसऱ्याला बशीत ओतून द्यायचा. बशी तोंडाला लावली की समेट झाला. एकदा शमुवेल दुपारच्या शिफ्टला असताना रूथ थर्मास आणि बशी घेऊन कंपनीच्या गेटवर गेली होती, आणि वॉचमनच्या देखत समेट झाला होता.

दुपारपर्यंत रूथला आपण बरोबर आहोत याचं समाधान पुरलं. मग ते हळूहळू संपलं, गॅससारखंच. उपाशी गेलेत. चहासुद्धा नाही. आणि डिसेंबरचा सूर्य तर असा, की वर चढतो न चढतो तोच उतरायला लागतो. चहा करावा म्हटलं तरी कशावर?

एवढ्यात शेजारची सगुणाताई दारात आली. खाडीकडच्या गावातली, कामासाठी रोह्यात येऊन राहिलेली. नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात झाकलेलं पातेलं.

"घे गो, पाहुन्यांचं मटन हाय. तुज्या नवऱ्याचे लई उपकार. देवमानूस! काय गो, तोंड असा का केलास?"

देवमाणसाच्या बायकोला रडू फुटलं. सगुणाताईने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "आगो माजे बाय! आत्ता शेगडीवर भाताचा टोप हाय, नायतर आत्ता काडून दिला असता. रात्री देते. नवऱ्याला फोन कर नं."

कोपऱ्यावरच्या पी.सी.ओ.मधून रूथने पेणला, सासूबाईंच्या शेजारच्या मूर्तींच्या कारखान्यात, फोन लावला. या मार्गावरच्या सर्व लाइनी व्यस्त आहेत, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा, असं एका बाईने सांगितलं. रूथने थोड्या वेळाने प्रयत्न केला. पुन्हा तीच बाई. तिचा आवाज इतका शांत होता की तिचं नक्कीच लग्न झालेलं नसावं.

रूथने बशी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली, हन्नाला कडेवर घेतलं आणि रोह्याच्या स्टँडवर पेणची एस.टी. पकडली.

एस.टी.ला रूथच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. ती प्रत्येक फाट्यावर थांबली. नागोठण्याला ड्रायव्हर चहा प्यायला उतरला आणि असा प्यायला, जणू जगात कुणाला कुठेच जायचं नाही. रूथ खिडकीतून सूर्याकडे बघत राहिली. हन्ना शेजारणीच्या गळ्यातली पोत खेचत राहिली. कंडक्टरने विचारलं, "वयनी, सारखं आभाळात काय बघताय? पाऊस नाय यायचा डिसेंबरात."

"सूर्य मावळायच्या आत पोचेल ना गाडी?"

"पेणला? सहज! मध्ये रूळ लागतात तिथं फाटक बंद नसलं तर."

फाटक बंद होतं. पेणहून रोह्याला जाणारी पॅसेंजर डुलत डुलत समोरून गेली. हन्नाने डब्यांना टाटा केला. त्यातल्याच एका डब्यात, दाराशी, अर्ध्या दाढीचा एक माणूस घड्याळाकडे बघत उभा होता. पण ते रूथला पेणला पोचल्यावर कळलं.

"आगो, तू हितं कशी?" शांतीबाई अंगणात पोहे पाखडत होत्या. पलीकडे कारखान्याच्या पडवीत बिनरंगाचे गणपती ओळीने वाळत होते, आणि तेही सगळे रूथकडेच बघत आहेत असं वाटत होतं. "शमू तर गेला! तोंड फुगवून आला, जेवला नाय, बोलला नाय. म्हटलं, दाढी अशी का? तर म्हणे, फॅशन. मग एकदम उठला, 'आई, सूर्य' म्हणाला, आनि पळतच स्टेशनात गेला. मला वाटला, डोक्यावर परिनाम झाला."

रूथ पायरीवर बसली. तिथेच तिने सगळं सांगून टाकलं: सिलिंडर, अंगरखे, आणि ते शेवटचं वाक्यसुद्धा. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की सून नवऱ्याचं गाऱ्हाणं त्याच्याच आईकडे करते आहे. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"आई, तीन वर्षांत एकदाही मोडला नाय नियम. तुम्ही दोघांनी तर जन्मभर पाळलात. आणि मी एका सिलिंडरपायी..."

शांतीबाईंनी सूप भिंतीला टेकवलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगावर चांगलं लुगडं होतं आणि हातात वातीचा स्टोव्ह कोंबलेली पिशवी.

"चल. मी पन येते."

"स्टोव्ह कशाला?"

"पोरीचं दूध कशावर तापवशील? माज्या रागावर?"

रोह्याच्या एस.टी.त पाय ठेवताच कंडक्टरने नाक वर केलं. "आजी, रॉकेल न्यायला बंदी हाय गाडीत."

"रॉकेल नाय, नुसता वास हाय. वासाला तिकीट पडतं काय?"

गाडी निघाली. सूर्य आता खिडकीच्या दांडीवर आला होता. रूथच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: शमुवेल घराशी पोचलाय, कुलूप बघतोय. म्हणतोय, गेली मला शोधायला पेणला. मग? मग तिथे पायरीवर थांबेल तो शहाणा माणूस. पण शहाणा माणूस सिलिंडर देत नाही. तो उलट्या पावली पेणला निघेल. आपण रोह्याला पोचू तेव्हा तो पेणला असेल, आणि आपण पेणला गेलो की तो रोह्याला. सूर्य उगवेल, मावळेल, हन्ना मोठी होईल, तिचं लग्न होईल, आणि तिचे आईबाप एस.टी.च्या दोन खिडक्यांतून एकमेकांना टाटा करत राहतील.

"आई, सगळं संपलं," ती म्हणाली.

"काय संपलं गो? नागोठणं तर येऊ दे."

नागोठणं आलं. गाडी स्टँडात वळली आणि शांतीबाई ओरडल्या, "शमू!"

समोरून पेणची एस.टी. मागे मागे घेत फलाटावरून निघत होती. मधल्या खिडकीत एक गाल गुळगुळीत आणि एक गाल काळा असलेला माणूस कपाळ गजांना टेकवून बसला होता.

"अहो! अहो ऐकलंत का!" रूथ खिडकीतून निम्मी बाहेर आली. त्या स्टँडवर 'अहो' असणारे पुष्कळ होते. बरेच जण वळले. कंडक्टर मात्र कामाचा निघाला. त्याने दारातून शिट्टी मारून पेणच्या ड्रायव्हरला आवाज दिला, "ओ, अर्ध्या दाढीवाल्याला खाली सोडा! बायको हाय त्याची!"

शमुवेल उतरला. पेणची गाडी गेली. हन्नाने बापाला पाहून दोन्ही हात पसरले आणि आनंदाने किंचाळली, "गेला!"

सूर्य स्टँडमागच्या झाडांवर टेकला होता. अजून बराच होता, निदान एका माफीपुरता.

"चूक माझी," रूथ धापा टाकत म्हणाली.

"नाय, चूक माझी," शमुवेल म्हणाला.

"अहो, माझी. मी बोलले आधी."

"पण सिलिंडर मी दिला ना. न विचारता."

"द्यायचाच होता तो. मीच..."

"मग सकाळी का नाय म्हणालीस तसं?"

"आता म्हणतेय ना!"

"आता मी म्हणतोय तर तू मला म्हणू देत नायस. दर वेळी असंच. माफीसुद्धा तूच मागायची, आणि मग मंडळीत सांगायचं की मीच आधी नमते."

"मी सांगते? मी? दोन गाड्या बदलून, दाढ येणारी पोर कडेवर घेऊन आले मी!"

"मी पण दोन बदलल्या!"

"मला ट्रेन मिळाली नव्हती!"

भोवती माणसं जमली होती. कंडक्टर म्हणाला, "वयनींची बाजू मजबूत हाय." एक म्हातारा म्हणाला, "त्याने पण चूक कबूल केलीय, हे धरा की." रोह्याच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, कंडक्टरने नाइलाजाने घंटी मारली आणि ती गाडीही निघून गेली. हन्ना बापाच्या खांद्यावरून झाडांकडे बघत होती. तिने बोट दाखवलं आणि अगदी शांतपणे सांगितलं,

"गेला."

दोघांनी एकदम मान वळवली. झाडं काळी झाली होती. त्यांच्यामागे नुसता तांबूस धूर उरला होता.

जमलेली माणसं पांगली. रूथ बाकावर बसली. तीन वर्षं. वॉचमनच्या देखत पाळलेला नियम, आणि मोडला कशावर, तर माफी कुणी मागायची यावर. तिला पाळकसाहेब आठवले, पुढचं बाक आठवलं. पिशवीतली बशी पायाला लागत होती.

"तुम्ही रोह्याला गेलात कशाला पण?" तिने विचारलं. भांडायला नाही, आता भांडायलाही काही उरलं नव्हतं.

शमुवेल हन्नाचं टोपडं नीट करत होता. "तुला मागायला," तो म्हणाला. "कुलूप होतं."

रूथने पदर तोंडावर घेतला. ती हसतेय की रडतेय ते शांतीबाईंनी बघितलं नाही. त्या तिच्या शेजारी बसल्या आणि स्टोव्हची पिशवी मांडीवर घेतली.

"एक सांगू गो तुला? पाळकसाहेबांना नको सांगूस." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "आमचा नियम व्हता, ते खरं. पन सूर्य मावळला की तुजे सासरे झोपायचे. भांडायला मानूस जागा नको? म्हनून सूर्य मावळायच्या आत मिटायचं. मी पहाटेला सुरू करायची. पुरा दिस मिळायचा."

"आई!" शमुवेल म्हणाला.

"गप रे. आनि शेवटचा तर मिटलाच नाय. त्यांनी माजा तांब्याचा बंब देऊन टाकला कुनाला तरी. सकाळी मी बोलले बोलले, आनि दुपारच्याला त्यांची छाती दुखली. सूर्य डोक्यावर असतानाच गेले. आता कुनाशी मिटवू?" त्यांनी नाक पुसलं. "रोज तिन्हीसांजेला फोटोसमोर विचारते, बंब कुनाला दिलात ते तरी सांगा. सांगत नायत. मग चहा ठेवते. त्यांची बशी पन ठेवते."

शमुवेलने हन्नाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"राग ऱ्हातो गो कधी कधी," शांतीबाई म्हणाल्या. "तो मावळतो त्याच्या येळेला. चहा थांबवायचा नाय, येवढंच. काय रे, चहा हाय काय हितं?"

स्टँडवरच्या चहाच्या गाडीशी काळुराम नावाचा माणूस आपल्या पंपाच्या स्टोव्हला शिव्या देत उभा होता. दूध होतं, साखर होती, रॉकेलचा डबा होता. वायसर गेला होता. दुपारपासून धंदा बंद. शांतीबाईंनी पिशवीतून स्टोव्ह काढून त्याच्या फळीवर ठेवला. काळुरामने रॉकेल ओतलं, काडी ओढली. वातींवरून आधी पिवळी, मग निळी ज्योत गोल फिरली.

हन्ना ज्योतीकडे बघत राहिली. सकाळी शेगडीकडे बघितलं होतं तशीच, मान वर करून. ओठ हलले, पण ओळखीचा शब्द बाहेर आला नाही. मग ती म्हणाली, "आला."

"काय म्हणाली?" रूथ ओरडली.

"आला," हन्नाने पुन्हा सांगितलं, जरा वैतागून.

रूथने बशी काढली, रुमालाने पुसली. शमुवेलने कपातला अर्धा चहा ओतला. दुसरी बशी नव्हती म्हणून शांतीबाई पेल्यातून प्यायल्या. वासाने फलाटावरची माणसं गाडीभोवती गोळा झाली, काळुरामचे हात भराभर चालू लागले. बशी रिकामी झाली तेव्हा रूथला दिवसभरात पहिल्यांदा भूक लागली.

रोह्याची पुढची एस.टी. लागली. काळुराम हात पुसत पुढे आला. "वयनी, राग मानू नका. गिऱ्हाईक आत्ता लागलंय. एवढा स्टोव्ह ऱ्हाऊ द्याल? वायसर आनला की रोह्याच्या गाडीबरोबर धाडतो."

त्याने मागितला, आणि रूथ म्हणाली, "ठेवा की."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं, की ते आपल्या तोंडातून गेले. तिने हळूच वळून बघितलं. शांतीबाई तिच्याकडे बघत होत्या, ज्या नजरेने बहुधा कधीतरी बंबाच्या रिकाम्या जागेकडे बघितलं असेल.

एस.टी.त बसल्यावर शमुवेलने हन्नाला रूथच्या मांडीवर दिलं. मग म्हणाला, "आईचा स्टोव्ह होता तो. विचारायचं तरी."

"मागितला त्यांनी."

"हन्नाचं दूध कशावर तापवणार?"

"सगुणाताई सिलिंडर देणारेत रात्री."

"आणि नाय दिला तर? दोन अंगरखे असले तर एक द्यावा, स्टोव्ह नाय सांगितला शास्त्रात!"

"तेव्हा स्टोव्ह नव्हते म्हणून नाय सांगितला," रूथ म्हणाली.

शमुवेलने खिडकीकडे तोंड फिरवलं. गुळगुळीत गाल तिकडे गेला. काळा, फुगलेला गाल रूथच्या बाजूला राहिला. पुढच्या बाकावर शांतीबाईंचे खांदे हलत होते. कशाने, ते अंधारात कळत नव्हतं.

रूथने हन्नाचं डोकं मांडीवर नीट घेतलं आणि पाठ टेकली. तिला मुळीच घाई वाटत नव्हती. सूर्य नुकताच मावळला होता. या भांडणाला उद्याचा अख्खा दिवस होता.